कवेलूखालचे सोनमासे

मत्स्यखात्यात माझी नेमणूक झाली ती तळ्यांसाठी. वर्धा जिल्ह्यातल्या गावतळ्यांत रोहू-कटल्याचं बीज सोडायचं आणि उन्हाळ्यात तळं आटलं की ते बीज कुठे गेलं याचा खुलासा वर पाठवायचा, एवढंच काम. काचेच्या पेटीतले मासे त्यात बसत नव्हते. पण विदर्भ मुंबई राज्यात गेला त्या सुमारास जिल्ह्यातल्या प्रतिष्ठित बैठकींमधून रेडिओच्या शेजारी माशांची पेटी ठेवण्याची टूम निघाली. पेट्या नागपूरहून येत, मासे कलकत्त्याहून पत्र्याच्या डब्यांत रेल्वेने येत. ते कसे पाळावेत हे सांगणारं कोणी त्यांच्याबरोबर येत नसे. आठ-पंधरा दिवसांत मासे कोपऱ्यात दडून बसत. गुरांचे डॉक्टर त्यांना हात लावायला तयार नसत. मग लोक माझ्याकडे येत.

सगळ्यांचा प्रश्न एकच असे. "साहेब, मासे काऊन लपून राह्यले?"

खात्यात येण्यापूर्वी मी नागपूरच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. दैनिक बंद पडलं म्हणून सरकारी नोकरीत आलो. दैनिकात शिकवलं होतं की बातमीत आधी कोण, काय, कुठे, केव्हा. 'का' शेवटी, आणि खात्री नसेल तर मुळीच नाही. माशांचं गिऱ्हाईक 'का'पासून सुरुवात करायचं आणि उत्तरही बहुतेक वेळा सोबत घेऊनच यायचं. दृष्ट लागली, पेटी दक्षिणेकडे तोंड करून ठेवली, कलकत्त्याच्या माशाला इकडची हवा मानवत नाही. मी ऐकून घेई आणि पेटीपुढे बसायला खुर्ची मागत असे.

बाहेरच्या माणसाला हे काम गूढ वाटतं, पण त्यात गूढ काही नाही. मासा उगाच लपत नाही. त्याला सावली हवी असते, आडोसा हवा असतो, काचेवर कोणी टिचकी मारू नये असं वाटतं, आणि बरोबर राहणारा दांडगा नसावा. एवढं ठीक असेल तर उरतं ते पाणी. पाणी घाण असलं तर मासा वर येऊन तोंड उघडतो, ते कोणालाही कळतं. पाणी त्याच्या ओळखीचं नसलं तर तो पंख अंगाशी घेतो, रंग उतरतो, आणि खाली जाऊन बसतो. हे ओळखायला तासभर गप्प बसावं लागतं. माशांपेक्षा मालकालाच ते जड जातं.

जामच्या नाक्यावर एका हॉटेलवाल्याने चार मासे आणले होते. चार म्हणजे कमी दिसतात म्हणून त्याने पेटीच्या मागे आरसा लावला. चारांचे आठ झाले, ट्रकवाले चहा घेता घेता मोजू लागले, आणि मासे दगडामागे गेले. मी आरसा काढायला सांगितला. तो म्हणाला, "साहेब, मग तं चारच दिसन." मी म्हटलं, आता एकही दिसत नाही. त्याने विचार करून आरसा गल्ल्याच्या मागे लावला. मासे बाहेर आले. तळेगावच्या एका पाटलांनी सोनमाशांच्या सोबतीला नदीतला मरळ आणून सोडला होता. त्यांनी मला बोलावलं तेव्हा पेटीत मरळ एकटाच होता आणि तो अजिबात लपत नव्हता. पाटलांना त्याचंच कौतुक वाटत होतं.

ज्या प्रकरणाबद्दल लिहायला बसलो, ते एका सार्वजनिक वाचनालयातलं आहे. गावाचं नाव छापत नाही. जाम नाही, तळेगावही नाही, एवढं पुरे.

वाचनालयाला कोणा देणगीदाराने तीन महिन्यांपूर्वी पेटी दिली होती, पाच सोनमाशांसकट. सेक्रेटरी विनायकराव हे पेन्शनीत निघालेले तहसील कचेरीतले गृहस्थ. खादीचा सदरा, पांढरी टोपी, कमी बोलणं, वेळेला चोख. चैत्र सरत असताना ते माझ्या कचेरीत आले. एक मासा मेला होता, उरलेले चार कवेलूखालून बाहेर येत नव्हते. पेटीत आडोशाला म्हणून छपराचं एक जुनं कवेलू पालथं घातलं होतं, त्याच्याखाली ते चौघे दिवसभर असत.

विनायकरावांना प्रश्न नव्हता, उत्तर होतं. पेटी शिपायाच्या ताब्यात होती. शिपायाचं नाव दादाराव. तो पेटीत हात घालतो, असं ते म्हणाले.

"हात घातल्याशिवाय पेटी साफ कशी होईल?" मी विचारलं.

"तसं नाही. त्याच्या हाताला काही तरी असावं."

"काय?"

"काही तरी."

मग त्यांनी मुद्दा सांगितला. दादारावाची नोकरी अजून कच्ची होती. पुढच्या सोमवारी कमिटीची सभा होती आणि तिसरा विषय होता त्याला कायम करायचं की काढायचं. त्याच्या निष्काळजीपणाने मासे खराब झाले असं सरकारी खात्याच्या माणसाने सांगितलं, तर कमिटीला निर्णय घेणं सोपं जाणार होतं. मी म्हटलं, आधी मासे पाहतो.

विनायकरावांचं नाव मला नवं नव्हतं. अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा झाला त्या दिवसांत या वाचनालयाने आपल्या आवारातली विहीर सर्वांना खुली केल्याचा ठराव केला होता. ठराव विनायकरावांनी मांडला होता. त्यांचं भाषण दैनिकाकडे आलं होतं, आणि ते कापून चार ओळींत बसवण्याचं काम माझ्याच टेबलावर झालं होतं. त्या वेळी दादाराव तिथे नव्हता. तो नंतर लागला. छपन्न साली तो घरच्यांबरोबर नागपूरला गेला, दीक्षा घेऊन आला, आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला वाचनालय उघडलं. कमिटीने त्याचं अभिनंदन केलं होतं. तेही भाषणात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाचनालयात गेलो तेव्हा दादाराव वर्तमानपत्रं काठ्यांना लावत होता. तिशीचा, उंच, इस्त्रीचा सदरा. त्याने माझ्यासाठी खुर्ची आणली, पेटीपुढे ठेवली, आणि कामाला परत गेला. काही विचारलं नाही. आपल्यावर कसला विषय आहे हे त्याला माहीत होतं, हे त्याच्या न विचारण्यावरून कळत होतं.

पेटी चांगल्या जागी होती. ऊन येत नव्हतं. वाचकांपैकी दोघे-तिघे काचेवर टिचक्या मारून गेले, पण तेवढ्याने चार मासे दिवसभर दडून बसत नाहीत. दांडगा कोणी नव्हता. मग मी खालचे गोटे पाहिले आणि तिथे थांबलो.

तीन महिन्यांच्या पेटीत गोट्यांवर हिरवट-तपकिरी थर धरायला हवा. काचेच्या कडेला शेवाळाची रेघ हवी. ती पेटीची तब्येत असते. इथे गोटे देवघरातल्या शाळिग्रामासारखे चकचकीत होते. आणि काचेवर आतून बारीक बुडबुडे चिकटले होते. विहिरीचं पाणी नुकतंच काढून भांड्यात ओतलं की असे बुडबुडे धरतात, थोड्या वेळाने विरतात. म्हणजे पाणी ताजं होतं. मी बोट घातलं. गार होतं.

बाहेर चैत्रातलं ऊन तापायला लागलं तसे बुडबुडे विरले. पाणी कोमट झालं. एक मासा कवेलूखालून अर्धा बाहेर आला. मी बाहेर जाऊन चहा घेऊन आलो तर फरशी ओली होती आणि काचेवर पुन्हा बुडबुडे होते. मासा आत गेला होता.

थोड्या वेळाने विनायकराव आले. स्नान, पूजा आटोपून, कपाळाला गंध लावून. हातात द्रोण, द्रोणात कणकेच्या लहान लहान गोळ्या. त्यांनी सदऱ्याची बाही वर केली, गोळ्या एकेक करून पेटीत सोडल्या, बोटं पाण्यात बुडेपर्यंत हात खाली नेला. मासे आले नाहीत. विनायकराव थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग म्हणाले, माशाला अन्न घातल्याखेरीज आपण जेवत नाही. हा नेम पूर्वी नदीवर होता, पेटी आल्यापासून इथे आहे.

पिण्याच्या पाण्याचे माठ भरायला सीताबाई ढिवरीण, मासेमाऱ्यांच्या घरची बाई, येत असे. माठ हॉलच्या दाराशी होते. ती माठ विसळत असताना मी तिला विचारलं, पेटीतलं पाणी तू बदलतेस का.

"मीच ना. रोज. सेकटरीसाहेबानं सांगतलं, शिळं पानी राहू देजो नाई. ते यायच्या आंधी उपसून भरून ठेवतो."

"पण दादाराव सकाळी भरतो ना?"

"भरते ना. मी पाह्यतो त्याले भरताना."

"मग ते शिळं कसं?"

सीताबाईने माझ्याकडे पाहिलं. खात्याचे साहेब एवढे भोळे असतात याचं तिला नवल वाटलं असावं. "आता साहेब," ती म्हणाली, "कोनाले काय शिळं वाटते ते मी कायले सांगू? मले सांगतलं, मी भरतो."

आमच्याकडे रात्रीचं पाणी सकाळी शिळं होतं. घराघरांतून पहाटे हंडे-कळश्या चिंच आणि राख लावून घासल्या जातात, कालचं पाणी झाडांना जातं आणि ताजं भरलं जातं. माशांच्या पेटीलाही तोच न्याय लावलेली बरीच घरं मी पाहिली होती. त्यात वाईट हेतू नसतो. माशाला शिळंच पाणी लागतं हे सांगितलं की बायका हसत आणि ऐकत. इथलं शिळेपण मात्र रात्रीवर अवलंबून नव्हतं, बादली कोणाची यावर होतं. कायदा होता, ठराव होता, ठराव मांडणारे स्वतः विनायकराव होते. त्यामुळे जुना शब्द वापरायची सोय उरली नव्हती. शिळं हा शब्द शिल्लक होता.

दुपारी वाचक घरी गेल्यावर मी दादारावाशी बोललो. त्याला विचारलं, पाणी दुसऱ्यांदा बदललं जातं हे तुम्हाला ठाऊक आहे का.

"ठाऊक कसं नाई? ओली फरशी मलेच पुसा लागते."

"मग तुम्ही तरी रोज सगळं पाणी का काढता? थोडंसं बदललं तरी चालतं."

दादारावाने हातातली काठी भिंतीला टेकवली. "साहेब, सांजेपर्यंत पेटीत त्या बाईनं भरलेलं पानी राह्यते. सकाळी मी तेच राहू देलं तं त्याचा अर्थ काय होते? का माह्या पान्यात खोट हाय आनि ते मले कबूल हाय. विहीर सगळ्याइची हाय असा ठराव हाय. मी ठराव पाळून राह्यलो. ते बदलते, मीबी बदलतो."

"आणि मासे?"

तो पेटीकडे पाहत राहिला. "मासे मधात सापडले," तो म्हणाला. मग काठी परत उचलून, "सोमवारी तुमी काय सांगान ते मले मालूम नाई. पन मी हात धुऊनच पेटीत घालतो, एवढं सांगजा."

त्याच्या म्हणण्यात चूक काढायला जागा नव्हती, मासे सोडले तर. बातमीचं कोण, काय, कुठे, केव्हा हे चारही माझ्या हाती आलं होतं, आणि या वेळी 'का'चीही खात्री होती. असा योग दैनिकात क्वचित यायचा.

सोमवारच्या सभेला अध्यक्ष देशमुख वकील होते. मोठ्या आवाजाचे, गंमत करणारे, कोर्टातली सवय बाहेरही न सोडणारे. विनायकरावांनी प्रास्ताविक केलं आणि मला बोलायला सांगितलं. दादाराव दाराशी उभा होता. शिपाई सभेला दाराशीच उभा राहतो, त्यामुळे त्याला बाहेर पाठवण्याचं कोणाला सुचलं नाही.

मी सांगितलं की मासे आजारी नाहीत, भ्यालेले आहेत. रोज सकाळी पेटीतलं सगळं पाणी काढून नवं भरलं जातं. ते पाणी खोलीच्या उष्णतेला येऊन माशांना सवय होते न होते, तोच ते सगळं काढून पुन्हा विहिरीचं भरलं जातं. पाचवा मासा यानेच गेला असावा. पहिल्यांदा पाणी दादाराव भरतात, दुसऱ्यांदा सीताबाई. कोणाच्या हाताला काही नाही.

"दोनदा?" वकीलसाहेब म्हणाले. "दोनदा काऊन?"

हा प्रश्न मला नव्हता असं मी धरलं.

विनायकरावांनी घसा साफ केला. "उन्हाळा आहे. पाणी शिळं होऊ नये म्हणून मीच सीताबाईला सांगितलं होतं."

"पण ते दादारावानं सकाळीच भरलेलं असते ना? न्याहारीपर्यंत शिळं होते का, विनायकराव?"

वकीलसाहेबांनी हे सरळ मनाने विचारलं की उलटतपासणी म्हणून, ते मला आजही सांगता येणार नाही. कमिटीतल्या एकाने प्यायला पाणी मागितलं. दुसऱ्यानेही मागितलं. सीताबाईने दोघांना गडवे भरून आणून दिले आणि ती दाराशी, दादारावाच्या पलीकडच्या बाजूला, पदर सावरून उभी राहिली. विनायकरावांच्या टोपीखाली घाम आला होता. ठराव त्यांनी मनापासून मांडला होता असं माझं मत आहे. तो पाळताना बोटं कुठे बुडवावी लागतील, याचा हिशेब तेव्हा कोणी केला नव्हता.

वकीलसाहेबांनी माझ्याकडे वळून उपाय विचारला. मी म्हटलं, पाणी एकाच माणसाने सांभाळावं. आठवड्यातून एकदा चौथा हिस्सा काढावा, तेवढंच घालावं, आणि तेही आदल्या दिवशी काढून ठेवलेलं.

"म्हणजे शिळं," वकीलसाहेब म्हणाले.

"हो. शिळं."

"मग सीताबाईकडेच द्या," विनायकराव पटकन म्हणाले.

सीताबाई दाराशीच होती. "मले नोका देऊ, वकीलसाहेब. आमच्या घरी मासा पान्यातून बाहेर निंगते, आत नाई जात. दोन दिवस सांभाळीन. तिसऱ्या दिवशी पोराइले कालवन दिसन."

सभा हसली. विनायकरावही हसले, कारण न हसणं दिसून आलं असतं. पेटी दादारावाकडे ठेवायचं ठरलं. ज्याच्या हाती पेटी दिली त्याला त्याच सभेत काढणं विचित्र दिसलं असतं, म्हणून तिसरा विषय पुढच्या सभेवर टाकला. पुढच्या सभेत तो घेण्याचं कोणी सुचवलं नाही. पावसाळ्यात कधी तरी दादारावाची नोकरी दुसऱ्या कुठल्याशा किरकोळ विषयाबरोबर, चर्चेविना, कायम झाली. आमच्याकडच्या सुधारणा बहुतेक अशाच झालेल्या मी पाहिल्या आहेत.

मी खात्याला दिलेल्या अहवालात पाणी अतिरेकाने बदलल्याचं लिहिलं. कारणाचा रकाना त्या फॉर्मात नव्हता.

काही दिवसांत मासे बाहेर आले, गोट्यांवर थर धरू लागला. मी प्रकरण मिटलं असं समजलो. पण जून लागता लागता विनायकराव पुन्हा कचेरीत आले. मासे आता दिवसभर बाहेर असत, वाचकांची बोटं काचेवर फिरतील तिकडे फिरत. फक्त एका वेळेला लपत. ती वेळ विनायकरावांच्या नेमाची होती.

मी जाऊन बसलो. विनायकराव द्रोण घेऊन आले आणि सदऱ्याच्या खिशातून पूजेची पळी काढली. पितळेची, घासून लखलखीत केलेली, लांब दांड्याची. गोळी पळीत ठेवायची आणि पळी पेटीवर कलती करायची. बोटं पाण्यापासून वीतभर वर. पळी चमकली की चारही मासे कवेलूखाली. गोळ्या तळाशी जाऊन फुगत. दादाराव नंतर त्या जाळीने काढून टाकी.

"काय करावं?" त्यांनी विचारलं. त्यांचं जेवण यावर अडून होतं, हे मी विसरलो नव्हतो.

मी खात्याची माहिती सांगितली. मासा वरून येणाऱ्या चमकदार वस्तूला भितो, कारण खंड्याची चोच तशीच येते. हाताने घातलं तर त्याची सवय होते. बोटं पाण्यात धरायची आणि हलवायची नाहीत. पहिल्या दिवशी येणार नाही, दुसऱ्या दिवशी येणार नाही, पण येतो. गोळ्या मोजक्या घालाव्यात.

"बोटं पाण्यात," विनायकराव म्हणाले.

"पाण्यात."

त्यांनी पळी धोतराच्या सोग्याने पुसली आणि खिशात ठेवली. दादाराव पलीकडे मासिकं लावत होता. त्याने वर पाहिलं नाही.

त्यानंतर माझी त्या बाजूला फेरी झाली ती थंडीत. कामासाठी गेलो होतो, वर्तमानपत्र पाहायला म्हणून वाचनालयात शिरलो. दादाराव टेबलाशी होता. त्याने नमस्कार केला आणि हळू बोलायची खूण केली. हॉलमध्ये सकाळचे वाचक अजून आले नव्हते. पेटी होती तिथेच होती, काचेच्या कडेला शेवाळाची चांगली हिरवी रेघ धरली होती. पेटीच्या मागे, पुस्तकांच्या कपाटाच्या आड अर्धवट, विनायकराव उभे होते. बाही वर केलेली, हात मनगटापर्यंत पाण्यात. चारही मासे त्यांच्या बोटांभोवती होते. मी एक पाऊल पुढे टाकलं, तेवढ्यात फरशी वाजली. विनायकरावांनी हात बाहेर ओढला, खिशातून पळी काढली आणि ती पेटीवर धरली. मासे कवेलूखाली गेले.

दादारावाने माझी बाही धरून मला मागे घेतलं.

"तिकडं पाहू नोका, साहेब," तो म्हणाला. "कोनी पाह्यलं का ते हात काढून घेते. सवय होऊन राह्यली. तुमीच तं सांगतलं होतं, हलू नाई."

मी खुर्ची पेटीकडे पाठ करून लावली आणि वर्तमानपत्र उघडलं.